कोचीचे प्रेक्षक आणि कोचीचे क्लब

ड्युरँड चषक ही देशातील सर्वांत जुनी फुटबॉल स्पर्धा. १८८८ साली ती सुरू झाली आणि पुढचे शतकभर तिच्या अंतिम फेरीत प्रामुख्याने लष्कर, पोलीस आणि कोलकात्याचे मातब्बर संघ दिसत राहिले. १९९७ साली मात्र वेगळेच घडले. जेमतेम काही महिन्यांपूर्वी स्थापन झालेल्या एफसी कोचीन या संघाने अंतिम सामन्यात मोहन बागानला ३-१ असे हरवले. केरळच्या संघाने हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. आय. एम. विजयन आणि जो पॉल अंचेरी हे केरळचे दोन लाडके खेळाडू या संघात होते. अरबी समुद्राकाठच्या या बंदर शहराला आपला हक्काचा व्यावसायिक क्लब मिळाला, अशीच तेव्हा सर्वांची भावना झाली. पाचच वर्षांत, २००२ मध्ये, तो क्लब संपला होता.

हे का घडले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. केरळात फुटबॉल नवा नव्हता. १९७३ साली कोचीतच झालेल्या संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात केरळने रेल्वेला ३-२ असे नमवून प्रथमच राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. कर्णधार मणी यांनी तिन्ही गोल केले. पण त्या काळातील खेळाडू क्लबचा नव्हता, तो नोकरदार होता. कलमशेरीच्या प्रीमियर टायर्सचा संघ, तिरुवनंतपुरमच्या टायटॅनियम कारखान्याचा संघ आणि केरळ पोलीस ही त्या फुटबॉलची घरे. त्रिशूरच्या मैदानावर सोडा विकणारा विजयन पोलीस दलात भरती झाला तो खेळाच्या बळावर. त्याच पोलीस संघाने १९९० आणि १९९१ अशी सलग दोन वर्षे फेडरेशन चषक जिंकला. या व्यवस्थेत फार पैसा नव्हता. परंतु गुडघा दुखावला किंवा वय झाले, तरी महिन्याच्या महिन्याला पगार आणि शेवटी निवृत्तिवेतन होते.

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि खेळाचे अर्थकारण बदलले. त्याच सुमारास कोचीत कलूरचे जवाहरलाल नेहरू स्टेडियम उभे राहिले. १९९७ च्या नेहरू चषकासाठी तेथे लोटलेल्या गर्दीने या शहराची फुटबॉलची भूक देशाला दाखवून दिली. एफसी कोचीनचा जन्म या वातावरणात झाला. नामांकित खेळाडूंना मोठ्या रकमांचे करार मिळाले. परंतु क्लबला पैसा येणार कोठून, या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळच नव्हते. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून क्लबांच्या हाती भरीव काही पडत नव्हते, स्टेडियम क्लबच्या मालकीचे नव्हते आणि तिकिटांच्या विक्रीवर पगार भागणे अशक्य होते. उरला पुरस्कर्ता; त्याने हात आखडता घेतला की सारा डोलारा डळमळणार. तसेच झाले. पगार थकले, खेळाडू पांगले. नोकरदार खेळाडूची सुरक्षितता गेली होती, आणि व्यावसायिक खेळाडूची अजून आली नव्हती. त्या दोहोंमधल्या पोकळीत एफसी कोचीन नाहीसा झाला.

पुढचा अध्यायही याच वळणाचा. २००४ मध्ये व्हिवा केरळ स्थापन झाला, आय-लीगपर्यंत पोहोचला, मालक बदलून चिराग युनायटेड केरळ झाला आणि २०१२ मध्ये बंद पडला.

त्यानंतर २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि तिच्यासोबत केरळ ब्लास्टर्स. सचिन तेंडुलकर या संघाचा सहमालक होता. ‘मास्टर ब्लास्टर’ या त्याच्या बिरुदावरूनच संघाचे नाव पडले. पहिल्याच मोसमात संघ अंतिम फेरीत गेला आणि नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियमवर भरपाई वेळेतील एकमेव गोलने कोलकात्याकडून हरला. २०१६ मध्ये घरच्या मैदानावर आणि २०२२ मध्ये गोव्यातील फातोर्ड्यात अंतिम सामना पेनल्टीवर निसटला. तीन अंतिम सामने, तीन पराभव. तरीही कलूरच्या पायऱ्या पिवळ्या रंगाने भरतच राहिल्या. पहिल्या मोसमात तेथे सामन्यागणिक सरासरी ४० हजारांहून अधिक प्रेक्षक येत. ‘मंजप्पडा’, म्हणजे पिवळी फौज, ही चाहत्यांची संघटना देशातील सर्वांत मोठ्या समर्थक गटांपैकी एक मानली जाते. २०१८ मध्ये तेंडुलकरने आपला वाटा विकला. प्रेक्षक मात्र तेथेच राहिले.

प्रेक्षक इतके निष्ठावान असूनही क्लबच्या निर्णयांत त्यांना स्थान नाही, हे २०२३ मध्ये स्पष्ट दिसले. त्या वर्षी मार्चमध्ये बंगळुरूविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री-किकवर गोल दिला गेला, आणि निषेध म्हणून प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर नेले. भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबला चार कोटी रुपये दंड ठोठावला. त्यानंतर क्लबने आर्थिक कारण पुढे करून आपला महिला संघ थांबवला. जेमतेम वर्षभर वयाचा हा संघ त्या सामन्यात कोठेच नव्हता. चूक पुरुषांच्या संघाची, दंड महासंघाचा आणि किंमत मात्र मुलींनी मोजली.

केरळात चांगले काही घडतच नाही, असे नव्हे. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या कोळिकोडच्या गोकुलम केरळने २०१९ साली ड्युरँड चषक जिंकला, तोही कोलकात्यात, मोहन बागानलाच २-१ असे हरवून. पुढे सलग दोनदा आय-लीग जिंकली. त्यांच्या महिलांनी राष्ट्रीय लीग तीनदा जिंकली. पण २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘फिफा’ने भारतीय महासंघावर बंदी घातली, तेव्हा हाच महिला संघ आशियाई स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला होता, आणि न खेळताच त्याला परतावे लागले.

हा रोग एकट्या केरळचा नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. २०१० मध्ये महासंघाने व्यावसायिक हक्कांचा पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्याची मुदत संपत आली तरी नवा करार झालेला नव्हता. परिणामी जुलै २०२५ मध्ये पुढचा मोसमच स्थगित झाल्याचे क्लबांना कळवण्यात आले.

या साऱ्या पडझडीत शंभर वर्षांहून अधिक टिकलेली दोन नावे आहेत : मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. त्यांचाही कारभार आदर्श नाही, पैशासाठी त्यांनाही गुंतवणूकदारांचे उंबरठे झिजवावे लागतात. पण दोन्ही मूळच्या सभासदांच्या संस्था आहेत. गुंतवणूकदार येतो आणि जातो, संस्था उरते. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावापुढे ‘एटीके’ ही अक्षरे लागली, तेव्हा चाहत्यांनी इतका विरोध केला की २०२३ मध्ये ती काढावी लागली. जर्मनीत तर क्लबमधील बहुसंख्य मताधिकार सभासदांकडेच असावा, असा नियम आहे.

कोचीला आजवर मालक मिळाले, खेळाडू मिळाले, स्टेडियम मिळाले. ज्यांनी एकामागून एक क्लब बुडताना पाहिले आणि तरी पुढच्या सामन्याचे तिकीट काढले, त्या प्रेक्षकांना मात्र कोणीही सभासद करून घेतले नाही. समर्थकांच्या संघटनेला संचालक मंडळात जागा, क्लबच्या नावावर आणि रंगावर त्यांचा नकाराधिकार, खेळाडूंच्या पगारासाठी आगाऊ ठेव आणि महिला संघ बंद करण्यावर निर्बंध, एवढ्या अटी परवान्यात घालणे महासंघाला अवघड नाही. त्या घातल्या नाहीत, तर पुढचा मालक कंटाळेल तेव्हा कोचीकरांना आणखी एका क्लबला निरोप द्यावा लागेल.