तुकडा तपासायला दिलाय

मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन रुग्णालय १८९४ साली उभं राहिलं, तेव्हापासून सांगली-साताऱ्यात ‘मिरजेला हलवलं’ म्हटलं की ऐकणारा दुसरा प्रश्न विचारत नाही. १९६२ साली तिथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, १९८४ साली कराडला कृष्णा रुग्णालयाचं. या पट्ट्यातल्या नावाजलेल्या सर्जनची नावं गावोगावी ठाऊक असतात. पॅथॉलॉजिस्टचं नाव मात्र कुणाला सांगता येणार नाही. आतड्याची गाठ काढल्यावर नातेवाईक म्हणतात, ‘तुकडा तपासायला दिलाय.’ जणू तो एखादं यंत्र तपासणार आहे! प्रत्यक्षात कॅन्सर आहे की नाही, हे कागदावर पक्कं होतं ते त्या न दिसणाऱ्या डॉक्टरच्या सहीनं, आणि आता कोणतं औषध चालेल, हेही बरंचसं त्याच्याच टेबलावर ठरतं.

भारतात पॅथॉलॉजीच्या विद्येचा पाया घातला तो डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. १९४१ साली मुंबईत टाटा रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथली पॅथॉलॉजी त्यांनी उभी केली. १९४५ च्या एका निबंधात त्यांनी धोतराच्या काचण्यानं कमरेला होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. पेशी बघणाऱ्या माणसानं रुग्णाचं नेसणंही बघावं, ही त्यांची शिकवण मला त्यांच्या पदव्यांपेक्षा मोठी वाटते. १९८७ साली बार्शीला देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. अशा नोंदींनुसार आपल्या खेड्यांत तोंडाचे, गर्भाशयमुखाचे, स्तनाचे कॅन्सर जास्त दिसतात; मोठ्या आतड्याचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बराच कमी. पण कमी आढळतो म्हणूनच तो ओळखायला उशीर होतो. टाटा रुग्णालयाच्या एका पाहणीत अशा रुग्णांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत निघालं. चाळिशीतल्या माणसाच्या शौचातून रक्त गेलं की घरचे, शेजारचे आणि कधी कधी डॉक्टरही ‘मूळव्याध’ म्हणून मोकळे होतात. मलम-चूर्णात महिने जातात.

गाठ मात्र महिन्यांत तयार झालेली नसते. आतड्याच्या अस्तरावर बारीकसा मोड येतो, डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. त्यातल्या काही मोडांचा कॅन्सर होतो, त्याला बहुधा दहाएक वर्षं लागतात. १९९० साली फिअरॉन आणि व्होगेलस्टाइन यांनी हा प्रवास जनुकांच्या भाषेत मांडला. एपीसी नावाचं जनुक निकामी होतं, मग केआरएएसमध्ये बिघाड होऊन पेशीला वाढीचा हुकूम सतत मिळत राहतो आणि पुढे टीपी५३ हा पहारेकरी गळतो. बहुतेक गाठी याच वाटेनं जातात. साधारण पंधरा टक्के गाठींची वाट वेगळी असते. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, त्यात चुका राहतात आणि एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही चार प्रथिनं मुद्रितशोधकासारखी त्या दुरुस्त करतात. यातलं एखादं गेलं की चुका साचत जातात. पुष्कळदा वयपरत्वे एमएलएच१ चं जनुक आपोआप बंद पडलेलं असतं. काहींत मात्र हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात.

या आनुवंशिक रोगाचा माग पहिल्यांदा लागला तो एका पॅथॉलॉजिस्टला. १८९५ साली अमेरिकेत ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिननी तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तपासून १९१३ साली छापलं. हेन्री लिंच यांचं काम त्यानंतर अर्ध्या शतकानं आलं.

आता आपल्या तालुक्याच्या गावी येऊ. जनुकांच्या चाचणीचं भवितव्य ऑपरेशन थिएटरातल्या डब्यापाशीच ठरतं. काढलेलं आतडं उभं चिरून, धुऊन, त्याच्या दहापट तरी फॉर्मॅलिनमध्ये बुडवायला हवं. फॉर्मॅलिनही दहा टक्क्यांचं आणि बफर घातलेलं हवं. न चिरता लहान बरणीत कोंबलेलं आतडं बाहेरून टणक होतं आणि आतून कुजतं. फार दिवस फॉर्मॅलिनात पडलं तर डीएनएचे तुकडे होतात आणि नसलेले बिघाड दिसू लागतात. मग चाचणी पुण्याला पाठवा की परदेशात, उपयोग नाही.

पुढचं काम हाताचं. चरबी बोटांनी चाचपून किमान बारा लसिकाग्रंथी शोधायच्या, कारण कमी सापडल्या तर रोगाचा टप्पा चुकू शकतो. मग मेणाचे ठोकळे, तीन-चार मायक्रॉनचे काप, गुलाबी-जांभळा रंग. स्लाइडवर जिथं गाठीच्या पेशी दाट आहेत, तिथं पॅथॉलॉजिस्ट पेननं गोल काढतो आणि तेवढाच भाग डीएनएसाठी खरवडला जातो. हा गोल चुकला तर यंत्र निरोगी पेशी वाचून ‘केआरएएस निर्दोष’ असं सांगतं. सेटुक्सिमॅबसारखं महागडं इंजेक्शन केआरएएस बिघडलेल्या गाठीवर चालत नाही, हे २००८ पासून पक्कं आहे. आणि अशा गाठी शेकडा चाळीसच्या आसपास असतात. शेत विकून घेतलेलं औषध वाया जाऊ शकतं, तेही पेनच्या एका गोलापायी.

त्या चार प्रथिनांसाठी चार अँटिबॉडींची रंगचाचणी आहे. प्रथिन असेल तर पेशीकेंद्र तपकिरी होतं. गाठ रंगहीन आणि शेजारच्या लिंफोसाइट पेशी तपकिरी, तर प्रथिन खरोखर गेलेलं. दोन्ही रंगहीन असतील तर चाचणीच फसलेली. हा फरक डोळ्यांनीच करावा लागतो. अशा दोषाच्या गाठींवर पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये डोस्टार्लिमॅब दिलेल्या, अशाच दोषाच्या गुदाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या बारा रुग्णांपैकी बाराही जणांची गाठ शस्त्रक्रियेविना दिसेनाशी झाली. या औषधांच्या किमती आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत, हे खरं. पण चार रंगांची चाचणी आवाक्यात आहे. शेकडो जनुकांच्या पॅनेलच्या जाहिराती बघताना मला वाटतं, आधी प्रत्येक आतड्याच्या गाठीवर हे चार रंग आणि प्रत्येक थिएटरात बरं फॉर्मॅलिन, एवढं तरी होऊ दे.

आपल्या भागाला आणखी एक गोष्ट लागू आहे. सातारा-सांगलीत मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत. एमयूटीवायएच नावाच्या जनुकाचा दोष आई-वडील दोघांकडून आला, तरच आतड्यात मोडांचं पीक येतं. त्या चार प्रथिनांपैकी एकाचा दोष दोन्हीकडून आला, तर लहान मुलांना मेंदूचा, रक्ताचा, आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो आणि अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात. नात्यातल्या लग्नात दोन्हीकडून एकच दोष येण्याची शक्यता वाढते. तपासणीच्या अर्जावर वय, लिंग, गाव, डॉक्टरचं नाव असतं. घराण्यात कोणाला काय झालं होतं, ही ओळ बहुधा कोरी राहते. एमएलएच१ किंवा एमएसएच२ चा आनुवंशिक दोष ठरला, तर रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात आणि मुलात तो असण्याची शक्यता निम्मी. ज्यांच्यात तो सापडेल, त्यांना विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी आतड्याची दुर्बिणीची तपासणी लागते. ती वेळेवर झाली, तर मोड काढून टाकता येतात. त्या भावंडांना हे कळवायचं सर्जननं, पॅथॉलॉजिस्टनं की गावच्या डॉक्टरनं, हे बहुतेक ठिकाणी अजून कोणी ठरवलेलंच नाही.