दुखणं सांध्यांचं, काहूर मनाचं

सकाळी बोटं तासभर वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, पाण्याची घागर उचलवत नाही. ‘वाताचं दुखणं’ म्हणून सोडून दिलेला हा त्रास आमवात, म्हणजेच रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असू शकतो. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पट अधिक.

खेड्यांतही तो आहेच. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये भिगवणला घरोघरी पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांत प्रमाण निघालं सुमारे अर्धा टक्का, म्हणजे दोनशेत एक.

आणि मन? ७२ अभ्यासांच्या २०१३ मधील एकत्रित विश्लेषणात जवळपास दर सहा रुग्णांमागे एकाला नैराश्याचा आजार (मेजर डिप्रेशन) आढळला. वेदनेने झोप मोडते, अपुऱ्या झोपेने वेदना वाढते, कामं अडली की ‘घरावर ओझं झाले’ ही भावना बळावते.

उपचार दोन्हींचे हवेत. मेथोट्रेक्सेट हे आमवातावरचं मुख्य औषध. ते आठवड्यातून एकदाच घेतात, रोज नव्हे. बरं वाटलं तरी गोळ्या मनाने थांबवू नयेत. हलका व्यायाम, गरम शेक आणि कामांची वाटणी यांनी दिवस सुसह्य होतो.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटत असेल, तर लातूर जिल्ह्यातल्यांनी चाकूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.