वाचले ते आवडलेच पाहिजे का?

आपल्या माणसाने लिहिलेले पुस्तक हाती आले की आपण आधी ते कपाळाला लावतो आणि मग कपाटात ठेवतो. वाचलेच तर "छान आहे" यापलीकडे बोलत नाही. का, तर टीका केली म्हणजे आपल्याच माणसाचा अपमान होईल! आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले. पण या पावसाळ्यात समाजाच्या कामासाठी महाडहून तळीयेला बऱ्याच फेऱ्या झाल्या. पिशवीत पाच पुस्तके होती, काही नवी, काही पुन्हा वाचायला घेतलेली. त्यांविषयी जे वाटले ते मोकळेपणाने सांगतो.

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही १९५९ सालची कादंबरी. दुष्काळात उपाशी माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा वारणेच्या खोऱ्यातला मांग वीर! शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या माणसाने हे लिहिले. वाचताना कचेरीतला शीण कुठे गेला ते कळले नाही. पण एक उणे सांगतोच. फकिरा कुठे कच्चा पडत नाही. सोसायटीचे हप्ते आणि मुलांच्या फीची चिंता करणाऱ्या आपल्यासारख्याला त्याचा अभिमान वाटतो, पण त्याच्या शेजारी बसायला संकोच वाटतो.

शेजारी बसता येते ते दया पवार यांच्या 'बलुतं'मधल्या दगडूच्या. हे आत्मकथन १९७८ साली आले, तेव्हा आपल्यातलेच पुष्कळ लोक चिडले होते. घरातली लक्तरे वेशीवर कशाला टांगायची, असे ते म्हणत. पहिल्या वाचनात आम्हालाही तसेच वाटले आणि पुस्तक आम्ही घरच्यांपासून दूर ठेवले. आता वाटते, चूक आमची होती. स्वतःची कमजोरी कबूल करायला छाती लागते. तरी बायकोविषयी तो जे सांगतो, ते वाचताना मनात येते की तिची बाजू कोण सांगणार?

ती बाजू बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये सापडते. फलटणला किराणा दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी हे लिहिले आणि घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. पुस्तक १९८६ साली आले. अंगात येणे, नवस, सुनेचा छळ, नवऱ्याचा मार, काहीच झाकलेले नाही. सुरुवातीची पाने आम्हाला जड गेली. पण हे पुस्तक सासू-सुनेने शेजारी बसून वाचावे, एवढे आम्ही नक्की म्हणू.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) तर आपल्या कोकणातले. डोक्यावर ओझे घेऊन डोंगर उतरत रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया, आयदान विणणारी आई. हे वाचताना आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण झाली. मुंबईतल्या संस्था आणि सभांचा भाग मात्र आम्हाला लांबला असे वाटले. नावे फार, माणसे थोडी.

शेवटचे पुस्तक आपल्या महाडचे. १९२७ च्या चवदार तळ्याच्या परिषदेसाठी झटलेले कॉम्रेड रा. बा. मोरे यांच्या आठवणी त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी २००३ साली प्रसिद्ध केल्या. महाडच्या शाळेने प्रवेश नाकारला तेव्हा दासगावच्या या पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहून तो मिळवला! आमची तक्रार एकच, आठवणी अपुऱ्या राहिल्या. पुढची हकिगत मुलाला लिहावी लागली.

याच दासगावावर आणि जवळच्या जुई, रोहन, कोंडीवते या गावांवर २००५ च्या जुलैत दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. तळीयेला आमच्या पिशवीतली पुस्तके चाळून एका मावशींनी विचारले, "दादा, यात आमच्या दरडीचं कुनी काय लिवलंय का?"

आम्ही "नाही" म्हणालो. मावशींनी पुस्तके पुन्हा नीट पिशवीत ठेवली आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्या दिवसापासून 'आपले साहित्य' म्हणजे काय, हा प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. या पाच पुस्तकांत आमचे दुःख आहे, पण ते आमच्यापर्यंत येऊन संपत नाही. डोंगराखालची जी वाडी कोणत्याही जातीची असो, तिचेही कुणीतरी लिहिले पाहिजे. मोरेंच्या आठवणी अपुऱ्या राहिल्या, तशा मावशींच्या राहू नयेत.

पुढच्या खेपेला पिशवीत पुस्तकांबरोबर शंभर पानी वही आणि पेन नेणार आहोत. मावशींना लिहिता येत नसेल तर त्या सांगतील, आम्ही उतरवून घेऊ. कारकुनाच्या हाताला तेवढी सवय आहेच. तुमच्या घरातही असे कुणी असेल. त्यांच्याजवळ बसा. आणि ही पुस्तके वाचून तुम्हाला काय पटले, काय नाही, ते न भिता आम्हाला कळवा.