आज तारीख काय? आधी गाव सांगा!

०३/०४/२०२६. पुण्यात ही तीन एप्रिल, न्यूयॉर्कमध्ये चार मार्च. प्रोग्रामला दोन्ही पटतात, म्हणून तो कुरकुरही करत नाही. बाराव्या तारखेपर्यंत घोळ खपून जातो. तेरा तारीख उजाडली की प्रोग्राम अडतो, कारण तेरावा महिना नसतो.

इथिओपियात असतो! तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांचा तेरावा. वर्षही आपल्या सात-आठ वर्षं मागे. २००० साल त्यांनी सप्टेंबर २००७ मध्ये थाटात साजरं केलं. शिवाय तास मोजायचे ते दिवस उजाडल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे तिथला एक. 'महिने बाराच' असं कोडमध्ये ठोकून देणाऱ्याची इथे पुरती पंचाईत होते.

थायलंड उलट ५४३ वर्षं पुढे. आपलं २०२६ म्हणजे त्यांचं २५६९.

थरारक गोष्ट मात्र जपानची. तिथे सरकारी कागदांवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष लिहितात. नवी कारकीर्द १ मे २०१९ ला सुरू होणार हे ठरलेलं, पण तिचं नाव गुलदस्त्यात. १ एप्रिलला 'रेइवा' जाहीर झालं आणि सॉफ्टवेअरवाल्यांच्या हाती उरला एक महिना! नावाची दोन्ही अक्षरं एका चौकटीत बसवणारं चिन्ह लागणार हे ओळखून, संगणकासाठी जगभरची अक्षरं नोंदवणाऱ्या युनिकोडने त्याची जागा आधीच राखून ठेवली होती. त्यासाठी काढलेल्या १२.१ या आवृत्तीत नवं चिन्ह फक्त हे एकच. याच जपानमध्ये टीव्हीच्या वेळापत्रकात 'रात्री २५ वाजता' असंही छापतात, म्हणजे मध्यरात्रीनंतरचा एक.

आठवडा कधी सुरू होतो? अमेरिकेत रविवारी, जर्मनीत सोमवारी, इराणमध्ये शनिवारी, मालदीवमध्ये शुक्रवारी.

शेजारच्या नेपाळात विक्रम संवताचे महिने २९ ते ३२ दिवसांचे, आणि तेही दर वर्षी बदलणारे. सोपं सूत्र नाही, म्हणून प्रोग्राममध्ये वर्षावर्षाचे तक्तेच भरून ठेवतात.

यातली बरीचशी माहिती सीएलडीआर नावाच्या खुल्या भांडारात असते. तेही युनिकोडच सांभाळते, आणि आपले फोन व ब्राउझर त्यातूनच तारखा उचलतात. २०२२ मध्ये तिथे अमेरिकी इंग्रजीच्या वेळेत एक बदल झाला: आकडे आणि एएम-पीएम यांच्यामधली साधी मोकळी जागा जाऊन अरुंद, न तुटणारी जागा आली. डोळ्याला फरक जवळपास दिसेना, पण छापलेली वेळ पुन्हा वाचून घेणारे प्रोग्राम धडाधड कोसळले. माणसासाठी सजवलेली तारीख यंत्राला वाचायला देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. यंत्रासाठी १९८८ पासून आयएसओ ८६०१ आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. वाद नाही.

याच भांडारात मराठीचे नेहमीचे अंक देवनागरी नोंदवले आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी. ब्राउझरकडे 'मराठी, भारत' म्हणून तारीख मागा, १५/८/२०२६ अशी देवनागरीतच मिळते. मला याचा मनापासून आनंद होतो. मराठी ॲप बनवून आत इंग्रजी आकडे ठेवणाऱ्यांनी एवढी एक ओळ लिहून पाहावी.

आणखी एक गंमत करता येते. त्याच ब्राउझरकडे भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका मागा. २२ मार्च १९५७ पासून ती अधिकृत आहे. १५ ऑगस्ट २०२६ ची तारीख येईल २४ श्रावण १९४८. पण गणपती कधी, हे तिला विचारू नका! तिचे महिने सूर्यावर चालतात, आपल्या पंचांगाचे चंद्रावर. म्हणून २०२६ ची गणेश चतुर्थी, म्हणजे १४ सप्टेंबर, तिच्यात २३ भाद्रपद म्हणून दिसते. तिथी हवी असेल तर सूर्य-चंद्राचं गणित प्रोग्राममध्ये वेगळं मांडावं लागतं, आणि तेही गावागावाच्या सूर्योदयासकट.