पद्मिनीच्या दाराची रबरं बदलताना

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फिएट ११०० डिलाइट बनू लागली आणि १९७४ पासून ती पद्मिनी या नावाने ओळखली गेली. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता उरल्या आहेत त्या हौसेने सांभाळलेल्या गाड्या. त्यांतल्या अनेकींचं दुखणं एकच: दाराचा खालचा पत्रा सडतो. मालक आधी रंग आणि क्रोमवर खर्च करतो, रबरं मागे राहतात. हा क्रम उलटा हवा. जुन्या गाडीच्या दारावरचा पहिला पैसा रबरांवर घालावा.

पाणी आत जाणारच

काच वर-खाली होते, म्हणजे दाराच्या वरच्या कडेला फट असणारच. त्या फटीच्या बाहेरच्या अंगाला काचेवर टेकणारी रबरी पट्टी असते. ती काचेवरून ओघळणारं बरंचसं पाणी अडवते, पण सगळं नाही. उरलेलं पाणी दाराच्या पोकळीत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ही वाट मुद्दाम ठेवलेली आहे.

रबर कडक होऊन काचेपासून सुटलं की आत जाणारं पाणी वाढतं. तळाशी धूळ आणि पानांचा चुरा बसून भोकं बुजली की ते साठतं. मुंबई-कोकणातल्या पावसात असं साठलेलं पाणी पत्र्याला आतून खातं. बाहेरच्या रंगाला फोड दिसेपर्यंत आतून पत्रा गेलेला असतो. नवी रबरं बसवून भोकं बुजलेलीच ठेवली, तर पैसे वाया गेले असं समजा.

खोलताना

काच फिरवायच्या हँडलमागची चकती आत दाबली की पिन किंवा क्लिप दिसते. ती काढली की हँडल निघतं. मग दाराचं पॅड. ते कडेच्या क्लिपांवर बसलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं तर जुना हार्डबोर्ड फाटतो, म्हणून चपटी बांबूची काडी घ्यावी आणि प्रत्येक क्लिपजवळूनच उचलावं. पॅडमागे प्लास्टिकचा कागद असायला हवा. तो नसेल तर पोकळीतला ओलावा पॅडमधून थेट गाडीत येतो. जाड प्लास्टिक कापून नवा चिकटवावा आणि त्याची खालची कड दाराच्या पोकळीत सोडावी, म्हणजे त्यावरचं पाणी आतल्या आत उतरेल.

तळ मोकळा दिसतोय तोवर गंज घासून घ्या, गंजरोधक लावा, भोकं तारेने साफ करा.

रबर निवडताना

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला. या बाजारांत मीटरवर मिळणारं रबर स्वस्त असतं, पण जुना तुकडा कापून सोबत न्या आणि त्याचा छेद ताडून बघा. जाडी थोडी जास्त झाली तरी दार लागत नाही. शक्य असेल तर ईपीडीएम रबर मागा, ते ऊन आणि ओझोन चांगलं सोसतं. त्याला रॉकेल किंवा ग्रीस मात्र लावू नका, पेट्रोलियमने ते फुगतं. बसवताना साबणाचं पाणी पुरतं.

काचेच्या दोन्ही बाजूंच्या चॅनलमधलं फेल्ट झिजलं की काच खडखडते आणि तिरकी चढते, त्यामुळे ते याच वेळी बदलावं.

बसवताना

चौकटीभोवतीचं रबर ताणून लावण्याचा मोह होतो. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. आधी कोपरे बसवावेत, मग सरळ भाग दाबत जावं, आणि जोड दाराच्या खालच्या कडेला घ्यावा. कापताना थोडं जास्त ठेवून दोन्ही टोकं एकमेकांवर दाबून बसवावीत. चिकटवायच्या जागेवरचं जुनं सोल्यूशन पूर्ण खरवडलं नाही तर नवं धरत नाही.

सगळ्यांत चिकाटी लागते ती पुढच्या त्रिकोणी काचेला. तिचं रबर काच फिरते त्या खिळीभोवती वळतं. हे काम घाईत करू नये, आणि ते जमलेल्या कारागिराला जास्त पैसे द्यायला मागेपुढे पाहू नये.

पट्ट्या आणि पॅड

बाहेरच्या चकचकीत पट्ट्या काढताना रंगावर चिकटपट्टी लावा. क्लिपांची भोकं हीच गंजाची दुसरी जागा. तिथे उघडा पत्रा दिसला तर प्राइमर लावून मगच क्लिप बसवा. पॅड नव्याने करायचं असेल तर जुन्यावरून भोकं आखून घ्या आणि रेक्झिन चढवण्याआधी हार्डबोर्डच्या मागच्या बाजूला व्हार्निशचे दोन हात द्या.

तपासणी

काचा वर करून नळीने पाणी सोडा, खालून सुरुवात करून हळूहळू वर जा. गळती दिसली तर ती नेमकी कुठून येते ते या पद्धतीने कळतं. दाराच्या तळातून पाणी ठिबकलं तर घाबरू नका. पायाखालची मॅट ओली झाली तर मात्र प्लास्टिक किंवा चौकटीचं रबर पुन्हा बघा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तिथे रबर टेकत नाही.

नव्या रबराने दार सुरुवातीला जड लागतं. काही दिवस ते बंद ठेवलं की रबर बसतं. तरीही ढकलावं लागलं, तर रबर कापू नका. चौकटीवरच्या कुलपाच्या पकडीचे स्क्रू सैल करून ती किंचित बाहेर घ्या.