एबीएसमधील विद्युत दोषनिदान

अँटी-लॉक ब्रेकिंग प्रणालीचे (एबीएस) विद्युत दोषनिदान म्हणजे संवेदक, तारा व नियंत्रक यांपैकी बिघाड कोठे आहे हे शोधणे होय. दोष आढळल्यास नियंत्रक एबीएस बंद करून डॅशबोर्डवरील दिवा लावतो. नेहमीचे ब्रेक सहसा चालू राहतात. मात्र ते जोरात दाबल्यास चाके जखडून वाहन घसरू शकते.

प्रथम फ्यूज व बॅटरीचे व्होल्टेज तपासून स्कॅनरने दोष-संकेतांक वाचतात. उदा. सी००३५ हा संकेतांक पुढील डाव्या चाकाच्या गतिसंवेदकाच्या मंडलाकडे निर्देश करतो. संवेदकच निकामी आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तुटलेली तार किंवा गंजलेला कनेक्टर हेही कारण असू शकते. म्हणून कनेक्टर सोडवून चुंबकीय वेटोळ्याच्या संवेदकाचा रोध मल्टिमीटरने मोजतात. रोध अनंत आल्यास वेटोळे किंवा त्याची तार तुटलेली असते. रोध योग्य असल्यास नियंत्रकापर्यंतच्या तारा तपासतात. हॉल संवेदकास ही चाचणी लागू नाही. त्याचा विद्युत पुरवठा व संदेश तपासतात.