काटा मधोमध

लातूरहून नांदेडला जायचं तर मला आदल्या संध्याकाळीच गाडीजवळ बसावं लागतं. गाडी म्हणजे वडिलांची बुलेट: बिडाचा सिलिंडर, ३४६ सीसी, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली. २०१०च्या सुमारास हे इंजिन बंद झालं. तरी लातूर-नांदेडच्या जुन्या मिस्त्रींच्या हातात ते अजून शाबूत आहे.

टॅपेट इंजिन गार असतानाच बघायचे. पिस्टन कॉम्प्रेशनवर आणून बाजूचं झाकण काढायचं. चिमटीतला पुशरॉड सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एवढं एकच माप. ते बोटांना कळतं. घट्ट राहिला तर व्हॉल्व्ह जळतो, सैल राहिला तर टकटक सुरू.

मग पॉइंट. पॉलिश पेपरनं पुसायचे आणि उघडल्यावर साधारण ०.४ मिलिमीटर फट ठेवायची. एका एप्रिलमध्ये घाईत हे काम मी टाळलं. अहमदपूर सोडल्यावर गाडीचा जोर गेला, इंजिन नको इतकं तापलं. पॉइंटची टाच झिजून फट मिटत आली होती, त्यामुळे ठिणगी उशिरा पडत होती. लोह्याच्या अलीकडे लिंबाखाली अर्धा तास इंजिन गार होऊ दिलं, फट नीट केली आणि पुन्हा किक मारली. तेव्हापासून पॉइंट बघितल्याशिवाय मी निघालो नाही.

किकचीही एक रीत आहे आणि ती मला फार प्रिय आहे. चावी फिरवायची, डीकॉम्प्रेसर दाबायचा आणि अँपिअर मीटरवर नजर ठेवून किक हळूहळू खाली न्यायची. काटा मधोमध आला की थांबायचं. डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकाच दमात पूर्ण मारायची. टायमिंग पुढे गेलेलं असेल तर हीच किक उलटून नडगी फोडते.

गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. तो मी भरतो. आता रस्ता चौपदरी झालाय, नव्या गाड्या शंभरनं निघून जातात. माझी साठीच्या चालीत चाकूर, अहमदपूर, लोहा मागे टाकते. नांदेडला पोचलो की तिथले मिस्त्री चाचा आधी हात पुसतात, मग इंजिन बंद करू देत नाहीत. वाकून कान लावतात आणि म्हणतात, "मागचा टॅपेट बघा."